सुपारी आणि निमंत्रण : संगीत परिषदा व नगर जिल्ह्यातील तमाशापरंपरा

संगीतविषयक विद्वत्परिषदांकडून निघणाऱ्या निमंत्रणपत्रकांत अलीकडे एक नवे कलम दिसू लागले आहे. निबंधांच्या सारांशांबरोबर लोकप्रिय संगीताच्या सादरीकरणाचे प्रस्तावही त्यांत मागविले जातात. प्रयोगाचा आशय ठरावीक शब्दांत सांगावा, कालावधी कळवावा, लागणारी साधने नमूद करावीत आणि कलावंताचा अल्प परिचय जोडावा, अशी अपेक्षा असते. कलम लहान आहे. परंतु त्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळ रेंगाळलेला एक प्रश्न उभा आहे. विद्वानांच्या सभेत लोकप्रिय गायक नेमका कोणत्या नात्याने येतो? सभासद म्हणून, साक्षीदार म्हणून, की केवळ नमुना म्हणून? ह्या प्रश्नाचा इतिहास तपासावयाचा तर त्यासाठी पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, विशेष सोयीचा आहे. शाहीर अनंत फंदी हा संगमनेरचा. ज्या लढाईवर त्याने पोवाडा रचला ते खर्डे जामखेड तालुक्यातले. तमाशाच्या बोर्डावर उभी राहून गाजलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते ती पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथील. जामखेडची लावणी आणि संगमनेरचे तमाशाचे फड आजही महाराष्ट्राला परिचित आहेत.

आरंभी शब्दांचा विचार करणे इष्ट होय. तमाशाच्या व्यवहारात निमंत्रणाला 'सुपारी' म्हणतात. यात्रेसाठी फड ठरविणे म्हणजे सुपारी देणे; सरदाराने ती स्वीकारणे म्हणजे सुपारी घेणे. शब्द अर्थातच विड्याच्या प्राचीन आचारातून आला आहे. मान देऊन बोलावणे आणि बोलावलेल्याने शब्दाने बांधले जाणे ह्या दोन्ही क्रिया त्या एका फळात सामावलेल्या आहेत. सुपारीबरोबर विसार येतो. उरलेली रक्कम, मुक्कामाची व जेवणाची सोय, रात्रीचा खेळ आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी हे सारे तोंडी ठरते. त्यात कलावंताने आपला आशय आधी लिहून द्यावा अशी अट नसते, कारण देणाऱ्याला तो ठाऊक असतो. त्याने हा फड शेजारच्या गावच्या जत्रेत पाहिलेला असतो. उलट परिषदेचे निमंत्रण अनोळखी माणसांना उद्देशून निघते. ते सर्वांना उद्देशून असते, आणि म्हणूनच निवड करणे त्याला भाग पडते. एकात ओळख आधी व निमंत्रण नंतर. दुसऱ्यात निमंत्रण आधी व ओळख, झालीच तर, नंतर.

'फड' हा शब्दही असाच लक्षात घेण्याजोगा आहे. तमाशाचा फड, कुस्त्यांचा फड, वारकऱ्यांचा फड आणि प्रवरेच्या काठी सर्वत्र ऐकू येणारा उसाचा फड, अशा चार ठिकाणी तो वावरतो. ह्या चारही ठिकाणी माणसे एकत्र जमतात, त्यांच्यात एक प्रमुख असतो, कामाला ठरलेली रीत असते आणि काही ठिकाणी हारजीतही असते. 'परिषद' ह्या संस्कृत शब्दाच्या वाट्याला विद्वत्ता आली. 'फड' ह्या देशी शब्दाच्या वाट्याला श्रम आणि स्पर्धा. 'तमाशा' हा मूळचा अरबी शब्द. हिंडणे फिरणे ह्या अर्थापासून फारसीत तो प्रेक्षणीय दृश्य ह्या अर्थाकडे वळला आणि मराठीत एका संपूर्ण नाट्यसंस्थेचे नाव होऊन बसला. 'शाहीर' हाही अरबी 'शाइर'चा मराठी अवतार. ह्याउलट लावणीप्रधान प्रकाराला लोकांनीच 'संगीत बारी' असे नाव दिले. बारी म्हणजे पाळी. ज्या कलेच्या नावातच संगीत आहे तिला संगीत परिषदेत प्रवेश मिळावयास इतका विलंब लागावा, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही.

अनंत फंदीच्या चरित्रात ह्या विभागणीचे बीज सापडते. अनंत भवानीबावा घोलप हा संगमनेरचा यजुर्वेदी ब्राह्मण. जन्म १७४४, मृत्यू १८१९. लावण्या, पोवाडे आणि फटके ह्या तिन्ही प्रकारांत त्याने लौकिक मिळविला. परंपरा अशी सांगते की, अहिल्याबाई होळकरांनी त्याची कानउघाडणी केली. ब्राह्मणाने तमाशात डफ वाजवीत फिरावे हे त्यांना रुचले नाही, आणि फंदीने डफ टाकून कीर्तनाची कास धरली. आख्यायिका मोठी मार्मिक आहे; पण ती कालक्रमाशी ताडून पाहिली पाहिजे. खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ रोजी झाली आणि अहिल्याबाईंचे निधन त्याच वर्षीच्या ऑगस्टात झाले. खर्ड्याचा पोवाडा फंदीचाच. सवाई माधवरावांचा अंत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला, आणि त्यावरील 'माधवनिधन' ह्या काव्याचा कर्ताही तोच. पोवाड्याला डफ हवाच असतो. तेव्हा डफ आणि वीणा ह्यांमधील रेषा आख्यायिका सांगते तितकी ठळक नसावी. एकच मनुष्य श्रोते पाहून दोन्ही करीत असावा. आख्यायिकेला मात्र ती रेषा ठळक हवी आहे. प्रतिष्ठित सभेत यावयाचे तर तमाशा दाराबाहेर ठेवून यावे, हा तिचा खरा आशय आहे. आज संगमनेरात फंदीच्या नावाने चालते ती व्याख्यानमाला, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

कीर्तनाच्या वाट्याला मात्र नगर जिल्ह्यात वेगळे भाग्य आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कथाविषय कीर्तनाच्या साच्यात बसविले. पुढे १८९५ पासून नगरला आलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन ह्यांना मराठी ख्रिस्ती उपासनेत कायमचे स्थान मिळवून दिले. परदेशी सुरावटींवर बेतलेल्या गीतांची सवय असलेल्या मंडळीला एतद्देशीय लोकप्रिय प्रकार चालला, इतकेच नव्हे तर हवासा वाटला. परंतु तोही कीर्तन, अभंग आणि भजन एवढ्यापुरताच. लावणीची चाल प्रार्थनामंदिराच्या पायरीशी थांबली. निमंत्रण देणारा कितीही उदार असला, तरी तो आपल्या परिचयाच्या प्रतिष्ठेपुरताच उदार असतो.

विद्वानांनी शाहिरांकडे लक्ष दिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, व त्यांतील काहींचे अ‍ॅक्वर्थ ह्यांचे इंग्रजी पद्यरूपांतर १८९४ मध्ये निघाले. त्यानंतर यशवंत नरसिंह केळकर ह्यांनी ह्या संग्रहकार्याची व्याप्ती फार वाढविली. म. वा. धोंड ह्यांचा 'मऱ्हाटी लावणी' हा ग्रंथ १९५६ चा. गंगाधर मोरजे ह्यांचा 'मराठी लावणी वाङ्मय' त्यानंतरचा. हे सर्व कार्य मोलाचे आहे. तथापि त्याच्या स्वरूपामुळे एक विभागणी रूढ झाली. पोवाडा कागदावर उतरला तो शब्दांपुरता. झीलकऱ्याने कडव्याच्या शेवटी उचललेला स्वर, तुणतुण्याची अखंड तार, ढोलकीने शब्दाला दिलेला धक्का ह्यांची नोंद क्वचितच झाली. शब्द साहित्याच्या अभ्यासकांकडे गेले. स्वर कोणाकडेच गेले नाहीत. आणि अंगविक्षेप पुढे पोलिसांच्या स्वाधीन झाले.

स्वर ज्यांच्याकडे जावयाचे ते विद्वान त्या काळात एका निराळ्याच कार्यात गुंतले होते. मार्च १९१६ मध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे होते. उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा संक्षिप्त आढावा घेणारे त्यांचे सुप्रसिद्ध भाषण ह्याच परिषदेतले. रागांच्या स्वरूपाविषयी एकवाक्यता, सर्वमान्य स्वरलेखन आणि राष्ट्रीय संगीत अकादमी ही उद्दिष्टे तेथे पुढे आली. श्रुतींच्या प्रश्नावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स ह्यांचे बावीस श्रुतींचे गणित व त्यावर बेतलेले श्रुति-हार्मोनियम वादाचा विषय झाले. तंजावरचे अब्राहम पंडितर आपल्या कन्यांना घेऊन आले होते. पित्याने सिद्धान्त मांडावा आणि कन्यांनी तो गाऊन दाखवावा, अशी ती योजना होती. उदयपूरचे धृपदिये झाकिरुद्दीन खाँ ह्यांच्या गळ्याची साक्ष श्रुतिवादात काढण्यात आली.

'साक्ष' हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. भातखंडे व्यवसायाने वकील होते आणि परिषदेची रचनाही पुष्कळशी न्यायसभेसारखी होती. सिद्धान्त पक्षकारांचा, निर्णय विद्वानांचा, गायक मध्ये साक्षीपुरता. उस्तादाला मान होता, बिदागी होती, टाळ्या होत्या; परंतु विषयपत्रिका ठरविण्यात त्याचा हात नव्हता. दिल्ली १९१८, बनारस १९१९ आणि पुढे १९२४ व १९२५ च्या लखनौ येथील परिषदांत तपशील बदलले, मांडणी बहुतांशी तीच राहिली. घराणेदार गवयाची ही स्थिती, तर ढोलकीवाल्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शास्त्रीय संगीत सिद्ध करावयाचे म्हणजे जे शास्त्रीय नाही ते वेगळे काढावयाचे. भातखंड्यांना ह्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढील काम प्रचंड होते आणि त्यांनी ते केले. परंतु वर्गीकरणाचा एक परिणाम असा की, ज्याला कोठलाच वर्ग मिळाला नाही ते संगीतच नव्हे असे पुढच्या पिढीस वाटू लागते. वस्तुतः बैठकीची लावणी पिलू, काफी, खमाज ह्यांसारख्या रागांच्या छायेतच वाढली होती, आणि किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतला'पासून मराठी रंगभूमीने साकी, दिंडी व लावणी ह्यांच्या चाली निःसंकोचपणे वापरल्या होत्या. नाट्यगृहाच्या वाटेने आलेली लावणी सभ्य ठरली. जामखेडच्या बारीतील तीच चाल तशी ठरली नाही.

बडोद्याची परिषद भरली त्या काळातच हिवरगावची पवळा महाराष्ट्रात नाव मिळवीत होती. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), हे रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. पवळा महार समाजातील. स्त्रीपार्ट नाच्या पोऱ्याने करावयाचा अशी जुन्या तमाशाची रीत होती. पवळेने ती मोडली आणि तिकीट लावून भरणाऱ्या शहरी थिएटरांतही बापूराव–पवळा ह्या जोडीने गर्दी खेचली. ह्या जोडीचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखकांचे लक्ष बापूरावांच्या जातित्यागावर खिळून राहिले. पवळेने काय गायिले, कसे गायिले, तिची तालीम कोणाकडे झाली, ह्याविषयी लिखित सामग्री फारच थोडी. बापूरावांची कवने छापली गेली. पवळेचा आवाज छापता येण्याजोगा नव्हता.

त्या काळातील एक हकीकत नेहमी सांगितली जाते. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास बापूरावांनी देऊ केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारली, अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्या कार्याला नको, अशी त्यांची भूमिका होती. ह्या नकाराचा अर्थ तमाशाकलेचा धिक्कार एवढाच घेणे बरोबर नाही. कारण त्यानंतर थोड्याच वर्षांत भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला, आणि त्याचा सांगाडा तमाशाचाच होता. गणाच्या जागी नवे वंदन आले, गौळण गळाली किंवा बदलली, सवाल-जवाब चळवळीच्या प्रश्नांवर झाले. सत्यशोधक जलशांनी ही वाट आधीच दाखविली होती. येथे लोकप्रिय गायक सभेत आला तो नमुना म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणूनही नव्हे. सभा त्याचीच होती. भाषणाच्या आधी तो गाई आणि भाषणाचा विषय श्रोत्यांना त्याच्या गाण्यातून कळे. विद्वत्परिषदांना प्रयोग आणि प्रतिपादन ह्यांची सांगड कशी घालावी ह्याचा धडा हवा असेल, तर तो परदेशांत शोधण्याची आवश्यकता नाही.

१९४७ हे वर्ष ह्या इतिहासात दोन परस्परविरुद्ध कारणांसाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेची स्थापना झाली. देशोदेशींचे लोकसंगीत जतन करावे, त्याचा अभ्यास व्हावा, हा तिचा हेतू. त्याच सुमारास मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली. त्याच वर्षी 'लोकशाहीर राम जोशी' हा बोलपट शहरोशहरी गर्दी खेचत होता. म्हणजे पडद्यावरचा तमाशा चालत होता आणि तंबूतला बंद होता. पुढे तमाशाच्या सुधारणेसाठी सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष दत्तो वामन पोतदार. हेच पोतदार १९३९ मध्ये अहमदनगरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचेही अध्यक्ष होते. बंदी उठली ती अटींवर. संहिता आधी तपासून घ्यावी, भाषा व हावभाव सभ्य ठेवावेत, असे ठरले. 'लोकनाट्य' हे नाव ह्याच काळात रूढ झाले आणि फडांच्या फलकांवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असा जोडशब्द झळकू लागला. पहिला शब्द सरकारासाठी, दुसरा प्रेक्षकांसाठी.

संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीचा परिणाम कोठे झाला हे पाहण्यासारखे आहे. तमाशाची अंगे पाच मानतात: गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग. ह्यांपैकी बतावणी ही जवळजवळ संपूर्णपणे उत्स्फूर्त असते. सोंगाड्या त्या त्या गावचा पाटील, त्या वर्षीचा दुष्काळ, समोर बसलेला एखादा रुमालवाला ह्यांना पकडून बोलतो. तिची संहिता नसते. असलीच तर ती सांगाड्यापुरती. वगातही मुख्य कथानक ठरलेले आणि संवाद प्रयोगागणिक बदलते. अशा कलेने लिखित संहिता सादर करावयाची म्हणजे जे तिच्यात सर्वांत जिवंत आहे तेच वगळून उरलेले दाखवावयाचे. परिषदांच्या निमंत्रणपत्रकांत मागविला जाणारा सारांश हा हेतूने ह्याहून अगदी वेगळा, पण कलावंताच्या बाजूने पाहिल्यास फारसा वेगळा नव्हे. आधी लिहून द्या, आम्ही वाचतो, मग कळवितो. सारांशाचा साचा निबंधासाठी घडला आहे. निबंधात जे आहे ते आधी सांगता येते.

नभोवाणीने हा प्रश्न आणखी एका रीतीने सोडविला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्रीय नभोवाणीमंत्री असताना चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आवर घातला गेला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले, आणि 'सुगम संगीत' ही एक मधली कोटी वाढीस लागली. १९५७ मध्ये विविध भारतीचा आरंभ करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडावे लागले. लोकप्रियता नाकारता येत नाही असे ठरल्यावर तिच्यासाठी स्वतंत्र खोली बांधावयाची, हा तो मार्ग होय.

मराठीत ह्या कोटींचा सर्वांत नेटका विचार अशोक दा. रानडे ह्यांनी केला. आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन अशा संगीतकोटी त्यांनी वेगळ्या केल्या आणि त्यांची एकमेकींत होणारी ये-जाही दाखविली. 'पॉप्युलर'साठी 'लोकप्रिय' हा शब्द केवळ आवडीचे मोजमाप देतो. 'जनसंगीत' हा शब्द ते संगीत कोणासाठी आणि कोणत्या साधनांनी चालते हेही सुचवितो. त्यांचे 'लोकसंगीतशास्त्र' १९७५ चे. जगात लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली ती १९८१ मध्ये. मराठीतील हा विचार त्याच्या आधीचा आहे. रानडे ह्यांनी केवळ ग्रंथ लिहिले नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. बैठकीची लावणी, देवगाणी अशा विषयांवर त्यांनी कार्यक्रम बसविले, आणि त्यांत विवेचन व गायन एकमेकांत गुंतलेले असे. नगर येथे ज्यांचे उत्तरायुष्य गेले ते प्रभाकर मांडे ह्यांनी 'लोकरंगभूमी' व 'लोकगायकांची परंपरा' ह्या ग्रंथांतून गायकांच्या जमातींचा शोध घेतला. 'सांकेतिक आणि गुप्त भाषा' हा त्यांचा ग्रंथ तर भाषाभ्यासकांनी अवश्य पाहावा. फिरस्त्या कलावंतांची आपसांतील बोली ही अनोळखी श्रोत्यांपासून काही राखून ठेवण्यासाठी असते, हे त्यावरून ध्यानात येते. आणि परिषदेतील श्रोते हे तर अनोळखीच.

सामाजिक अंगाने ह्या विषयाकडे पाहणाऱ्यांत शर्मिला रेगे ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात लावणी कलावंतिणींच्या श्रमाचा व जातीचा प्रश्न मांडला. मूळच्या कोपरगाव तालुक्यातील पोहेगावच्या इतिहासकार शैलजा पाईक ह्यांचा तमाशातील दलित स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या दोघींच्या विवेचनानंतर लावणीचे सादरीकरण परिषदेत ठेवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, आणि ते योग्यच आहे. सादरीकरण झाल्यावर टाळ्या वाजवून चहाला उठणारी विद्वन्मंडळी आणि शिट्टी वाजविणारा प्रेक्षक ह्यांत अंतर किती, हा प्रश्न आता विचारला जातो. शिट्टी वाजविणारा निदान दौलतजादा तरी करीत असे.

पैशाचा प्रश्न दुय्यम म्हणून टाळला जातो. पण सुपारी व निमंत्रण ह्यांतील भेद तेथेच सर्वाधिक उघड होतो. सुपारीत बोलावणारा विसार देतो. परिषदेत बहुधा येणारालाच नोंदणीशुल्क भरावे लागते. प्राध्यापकाला ते परवडते, कारण त्याची संस्था ते देते आणि निबंधवाचनाचे प्रमाणपत्र त्याच्या बढतीच्या कामी येते. ढोलकीवाल्याला त्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. त्याचा एक खेळ बुडतो. फडात कलावंत, वादक, स्वयंपाकी, गाडीवाले, तंबूवाले अशी मोठी मंडळी असते. 'सादरकर्ता' ह्या एकवचनी रकान्यात ती मावत नाही. फडांची नावे पाहिली तरी हे दिसते. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' ह्या संगमनेरच्या सुप्रसिद्ध मंडळाच्या नावातील 'सह' हे अव्यय पुरेसे बोलके आहे. कांताबाई (मृत्यू २०२१) ह्या आई, रघुवीर हे पुत्र. सातारकर, हिवरगावकर, नारायणगावकर ही नावे गावावरून आलेली. आणि 'सह' हे नाते सांगणारे. परिषदेच्या पत्रकात मात्र नाव, पद आणि संलग्न संस्था एवढेच रकाने असतात.

असे असले तरी तमाशाला परिषद ही गोष्ट परकी आहे असे समजण्याचे कारण नाही. कलगी-तुऱ्याचे फड हे एका अर्थी वादपरिषदाच होत्या. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेत, तुरेवाले शिवाचा. माया श्रेष्ठ की ब्रह्म श्रेष्ठ ह्यावर रात्रभर भेदिक लावण्यांतून कूट प्रश्न टाकले जात आणि उत्तर न देता आले तर मानचिन्ह गमवावे लागे. प्रश्न छंदात, उत्तरही त्याच छंदात आणि तेही जागच्या जागी. निबंधवाचनानंतरच्या पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांपेक्षा ही कसोटी निःसंशय कठीण होती. भातखंड्यांनीही आपली 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तररूपानेच मराठीत लिहिली, हे येथे सहज आठवते. तेव्हा एखाद्या संगीत परिषदेने लोकप्रिय संगीताचे प्रस्ताव मागविताना वीस मिनिटांच्या सादरीकरणाऐवजी सवाल-जवाबाची बैठक मागितली, अभ्यासकाने प्रश्न करावा आणि सरदाराने आपल्या रीतीने उत्तर द्यावे, नंतर सरदाराने विचारावे आणि अभ्यासकाने बांधलेले राहावे अशी अट घातली, तर तो परंपरेचा भंग होणार नाही. सारांशाऐवजी तोंडी प्रस्ताव, नोंदणीशुल्काऐवजी विसार आणि सबंध फडाच्या प्रवासाची तरतूद ह्या गोष्टीही फार अवघड नाहीत. अवघड आहे ते दुसरेच. सरदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आले नाही, तर ती हार परिषदेच्या इतिवृत्तात नोंदविण्याची तयारी हवी.

आणखी एक गोष्ट कालमानाची. फडांचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात तेव्हा त्याला भर येतो. त्या यात्रांच्या सुपाऱ्यांसाठी पुणे-नाशिक रस्त्यावर, संगमनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गुढीपाडव्याला नगर, पुणे, नाशिक ह्या जिल्ह्यांतील गावकारभारी तेथे येऊन खेळ ठरवितात. विद्यापीठांच्या परिषदा बहुधा डिसेंबर ते मार्च ह्या काळात, म्हणजे ऐन हंगामात भरतात. अशा वेळी संगणकावर पाठविलेले पत्रक फडापर्यंत पोहोचले तरी त्याला रिकामी तारीख सापडणे कठीण. पाऊस लागला की तंबू उतरतात, मंडळी आपापल्या गावी परततात आणि आषाढ-श्रावणात नव्या वगाच्या तालमी सुरू होतात. तेव्हा संगमनेरला गेल्यास सरदार, ढोलकीवाला व झीलकरी हे सारे एका ठिकाणी भेटू शकतात.